शिकलेली भाषा टिकवायची कशी?

जर्मन, जपानी शिकलेली आपल्या भागातील मुले नोकरीच्या धबडग्यात पडली की माझ्याकडे येऊन म्हणतात, "डॉक्टर, शिकलेलं विसरायला लागलोय, मेंदूचं टॉनिक द्या." असे टॉनिक नाही. वापर हेच औषध.

जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते. अंतराअंतराने उजळणी केल्यास टिकते. म्हणून रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे द्यावीत. भाषा दोन-तीन असतील तर वार वाटून घ्यावेत. एस.टी.त बातम्या ऐकाव्यात, मोठ्याने बोलावे. झोप मात्र मोडू नये. शिकलेले झोपेत पक्के होते.

हैदराबादच्या निम्स संस्थेतील ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सुमारे साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली. निरक्षरांतही हा फरक आढळला. तेव्हा निपाणीच्या बाजारात कानडी बोलणाऱ्या आजीनेही ती सोडू नये. पण भाषा येतात म्हणून आजार होतच नाही, असे समजू नये. रक्तदाब, मधुमेह ताब्यात हवेतच.

न वापरलेली परभाषा हळूहळू विसरणे हा आजार नव्हे. परंतु एकाएकी शब्द सुचेनात, जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.