मोडू नका, ते वाचणार आहे

कर्ज अंगावर आलेल्या घरातली बाई माझ्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वहिनी, घरातलं सगळं उचलून नेतील का हो?" नाही. सगळं नेता येत नाही. पण हे माहीत नसतं, आणि मग माणसं घाबरून नेमकं तेच मोडतात, जे कुणालाही हात लावता आला नसता. आमच्या घरी तेच झालं, म्हणून हे लिहिते आहे.

सांगलीत आमची ऑफसेट प्रेस होती. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा कागद, तयार माल, मशीनच्या मोटारी सगळं बुडालं. सावरतोय तोवर २०२० चा लॉकडाऊन. लग्नंच थांबली, तर पत्रिका कोण छापणार? मशीन बँकेकडे तारण होतं, ते बँकेनं नेऊन विकलं आणि तिथलं देणं फिटलं. राहिलं ते कागदवाल्यांचं, एका पतसंस्थेचं आणि काही हातउसनं. कागदवाल्यांनी दावे लावले, हुकूमनामे झाले, वसुलीची दरखास्त दाखल झाली.

कोर्टाची नोटीस आल्यावर यांनी मुदत पूर्ण झालेलं पीपीएफचं खातं बंद केलं. त्यापाठोपाठ आयुर्विम्याच्या पॉलिसी सरेंडर केल्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी तेच करतं. दारात माणूस उभा राहिला की कपाटातलं काहीतरी काढून द्यावंसं वाटतंच. पैसे गेले ते बरेचसे व्याजात गेले, मुद्दल जागच्या जागी. पुढे वकीलसाहेबांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आमच्यापुढे उघडलं तेव्हा कळलं, की भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि ऋणकोच्या आयुष्यावर उतरवलेल्या विम्याची रक्कम यांवर हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्ती आणताच येत नाही. म्हातारपणाची म्हणून राखलेली पुंजी कायद्यानंही राखलीच होती.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना माझं पहिलं सांगणं: हातातलं काहीही मोडण्याआधी कलम ६० ची यादी वाचा. ती बरीच माणुसकीची आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईनं अंगावेगळा करू नये असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाही. कारागिराची अवजारं नेता येत नाहीत. शेतकऱ्याची औतं, आणि पोट भरायला लागतील असं कोर्टाला वाटेल तेवढी जनावरं व बियाणं नेता येत नाही. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतः राहतो ते त्याचं घर नेता येत नाही. मजुराची मजुरीही सुटते.

पण शहरातल्या दुकानदाराचं किंवा कारखानदाराचं मालकीचं घर या यादीत नाही. हे कडू आहे, पण आधीच माहीत असलेलं बरं. आम्ही गावभागात जुन्या भाड्याच्या घरात राहतो. भाडेनियंत्रण कायद्याखाली येणाऱ्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्क जप्त होत नाही, म्हणून आमचं छप्पर टिकलं. आमच्याच ओळखीतल्या एकानं आयुष्यभराच्या कमाईतून फ्लॅट घेतला होता, तो मात्र लिलावात गेला. प्रेसचं मशीनसुद्धा कारागिराचं अवजार ठरलं नसतं. माणसं लावून चालवायचं मोठं यंत्र वेगळं आणि हातानं काम करणाऱ्याची सुई-कात्री वेगळी. बाइंडिंगचा दाबा, टोचे, कातरी मात्र आमच्याकडे राहिली, आणि वह्या बांधायचं काम मी आजही त्यांवरच करते.

पगाराचा हिशेब नीट समजून घ्या, कारण तिथं माणूस फार घाबरतो. यांनी दुसऱ्या प्रेसमध्ये नोकरी धरली तेव्हा पगारावर जप्ती आली. समजा पगार २२,००० रुपये आहे. त्यातले पहिले १,००० बाजूला काढायचे. उरले २१,०००. त्यांचे दोन तृतीयांश, म्हणजे १४,०००, हेही सुरक्षित. कापता येतात फक्त ७,०००. एका हुकूमनाम्यापोटी असे एकूण २४ महिने कापून झाले, की त्याच हुकूमनाम्यासाठी पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याला मात्र हा हिशेब लागू नाही, तिथं जास्त कापता येतं.

आता नादारीचा अर्ज, म्हणजे देणी फेडण्याची ऐपत उरली नाही असं कोर्टाला सांगणारा अर्ज. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात सामान्य माणसाला अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. नादार ठरल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, पण कलम ६० खाली जे जप्त होत नाही ते त्या मालमत्तेत धरलं जात नाही. हिशेबाच्या वह्या तेवढ्या द्याव्या लागतात. मुंबई शहरासाठीचा कायदा १९०९ चा आहे, आणि त्यात अवजारं, कपडे, भांडी, फर्निचर मिळून ३०० रुपयांपर्यंतचंच राखता येतं असं लिहिलं आहे. शंभर वर्षांपूर्वीचा तो आकडा तसाच राहू देणं हा कर्जात बुडालेल्या घरांवर उघड अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठीही तरतुदी आहेत, पण १ डिसेंबर २०१९ पासून त्या लागू केल्या त्या फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. तुमच्या घरातल्या कुणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी अशी हमी दिली असेल तर हे लक्षात असू द्या: तिथं एक राहतं घर वाचू शकतं, शहरात २० लाखांपर्यंतचं आणि खेड्यात १० लाखांपर्यंतचं, धर्माच्या रूढीप्रमाणे अंगावेगळे न करायचे दागिने १ लाखापर्यंतचे, शिवाय धंद्याची अवजारं, घरातलं गरजेचं सामान, विमा आणि पेन्शन. अट एकच, त्यांतलं काहीही तारण दिलेलं नसावं.

हीच अट सगळीकडे आडवी येते. बोजा नसलेली वस्तू कायदा राखतो. आपण स्वतः गहाण टाकलेली वस्तू धनकोच्या हाती जाते, आणि नादारीच्या अर्जानंही ती सुटत नाही. जे मंगळसूत्र बेलीफला नेता आलं नसतं, ते बायका हप्ता भरण्यासाठी सोनेतारणात ठेवतात आणि तिथून ते परत येत नाही. एका विनातारण कर्जाचा तगादा चुकवायला घर दुसरीकडे गहाण टाकणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. विनातारण धनको कितीही मोठ्या आवाजात बोलला, तरी त्याच्या हातात तारण नसतं, आणि ते त्याच्या हातात देणारे आपणच असतो.

सहीबद्दल बायकांना वेगळं सांगायचं आहे. नवऱ्याच्या कर्जापोटी बायकोचं स्त्रीधन, तिच्या नावावरचं तिच्या पैशाचं खातं, तिची शिलाई मशीन नेता येत नाही, कारण ते तिचं आहे, त्याचं नव्हे. पण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तिची सही असली, की ती स्वतःच ऋणको होते. मशीनच्या कर्जावर माझी सही होती. ते कर्ज फिटलं म्हणून मी सुटले. पतसंस्थेच्या कागदावर नव्हती, म्हणून त्यांच्या वसुली अधिकाऱ्याला माझ्या नावावरच्या कशाला हात लावता आला नाही. "नुसती फॉर्मॅलिटी आहे, इथं सही करा" असं कुणी म्हणालं तर कागद घरी आणा आणि वाचून घ्या. उलट, "जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूंवरचा हक्क मी सोडतो" असं कुणी आधीच लिहून घेतलं असेल तर घाबरू नका. असा करार कलम ६० प्रमाणेच रद्दबातल असतो.

मिरजेजवळ आमचा एक प्लॉट होता. ओळखीच्या एका गृहस्थांनी सुचवलं की तो पुतण्याच्या नावानं बक्षीसपत्र करून टाका, मग नादारीचा अर्ज द्या. वकीलसाहेबांनी तिथल्या तिथे थांबवलं. फुकट केलेलं असं हस्तांतर झाल्यापासून दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज दाखल झाला आणि माणूस नादार ठरला, तर कोर्ट ते रद्द करू शकतं. मालमत्ता दडवली असं ठरलं तर एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते, आणि पुतण्याही कोर्टाच्या पायऱ्या चढतो. प्लॉट आम्ही अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत लिहिला. तो गेला, त्याचे पैसे सगळ्या धनकोंत वाटले गेले. वाईट वाटलंच, पण त्यानंतर यांना कोर्टात एकाही प्रश्नाला अडखळावं लागलं नाही.

दारात येणारा प्रत्येक माणूस बेलीफ नसतो, हेही ओळखायला शिका. बेलीफकडे कोर्टाचं वॉरंट असतं. ते मागा आणि वाचा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्याला जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. दिवसा वॉरंट घेऊन आला तर मात्र दार अडवू नका, कारण ऋणकोच्या राहत्या घराचं दार अडवलं तर ते फोडण्याचा अधिकार त्याला आहे. पंचनाम्यात काय लिहिलं जातंय ते बघा, आणि सुटणारी वस्तू लिहिली गेली तर लगेच कोर्टात हरकत द्या. बँकेचा वसुली एजंट म्हणजे कोर्ट नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर त्यानं फोन करायचा नसतो.

वकिलाकडे जाताना सगळे धनको, आकडे आणि तारखा एका वहीत लिहून न्या. लाजेखातर हातउसनं लपवू नका, कारण अर्जात सगळी देणी लिहावी लागतात. पुढे कोर्टानं नादाराला देण्यांतून मुक्तता दिली तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी त्यातून सुटत नाहीत, तेव्हा थकलेला कर असेल तर तो आधीच सांगा. आणि वकिलाच्या फीमुळे पाऊल अडत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय विचारा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती आहे हे न बघता.