मोठ्या दुर्बिणीची बैठक

आमच्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जाणता शेतकरी शिंगांच्या रंगास भुलत नाही. तो आधी बैलाचे पाय व खूर पाहतो. दुर्बीण घेताना मात्र आरशाचा व्यास तेवढा विचारला जातो. ती उभी कशावर राहणार, हे कोणी विचारीत नाही. मग आठ इंची आरशाचे यंत्र काटकुळ्या तिवईवर चढते, शनी दिसण्याऐवजी नाचू लागतो, आणि थोड्याच दिवसांत सारे साहित्य माळ्यावर जाते. शनिशिंगणापूर इतके जवळ की शनीचे नाव येथील प्रत्येक मूल जाणते. त्याची कडी मात्र किती जणांनी पाहिली असेल? पैसा जातो तो जातोच, पण मुलाची हौस मरते, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते.

दुर्बीण ग्रहास २०० पट मोठे करिते, तेव्हा बैठकीचा कंपही तितकाच मोठा दिसतो. एका टोकाशी घट्ट बसविलेली दांडी दुप्पट लांब घेतल्यास त्याच भाराने आठपट वाकते. भरीव दांडीची जाडी दुप्पट केल्यास वाक सोळावा हिस्साच उरतो. तेव्हा पाय आखूड व जाड असावेत. नळीस बोटाने हलकी टिचकी मारून अंक मोजावेत. प्रतिमा एक-दोन सेकंदांत स्थिरावली तर उत्तम. पाच लागले तर दुकानदारास नमस्कार करून परत यावे.

आकाश तासाला १५ अंश सरकते. ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाची विषुववृत्तीय बैठक एकाच गतीने फिरवून तारा दृष्टीत ठेविता येतो; दीर्घकाळ छायाचित्र घेणाऱ्यास ती हवीच. पण आपले अक्षांश सुमारे १९. म्हणजे हा अक्ष क्षितिजापासून अवघा १९ अंश उचललेला हवा. उत्तरेकडील देशांसाठी घडविलेल्या काही बैठका इतक्या झुकत नाहीत, आणि झुकल्या तर त्यांचे वजन तिवईच्या पायास अडते. बैठकीवरील अंशपट्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

केवळ डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर मोठ्या यंत्रास आम्ही डॉब्सन पद्धतीची पेटीच सुचवू. जॉन डॉब्सन हे १९४४ ते १९६७ पर्यंत सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात संन्यासी होते. पैशाची चणचण असल्यामुळे त्यांनी टाकाऊ वस्तूंतून दुर्बिणी घडविल्या. प्लायवूडची बुटकी पेटी तळफळीवर आडवी फिरते. नळीच्या दोन बाजूंच्या चकत्या पेटीच्या खाचांत बसून खाली-वर होतात. सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे टेकविले की यंत्र बोटाने सरकते व सोडल्या जागी थांबते. गावचा सुतारही ती करू शकेल. यंत्र सतत हाताने ढकलावे लागते, आणि थेट डोक्यावरचा तारा गाठताना फार अडचण होते, हे खरे. पण पुणे जिल्ह्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही अशाच दोन हालचालींनी फिरतात; तेथे हाताचे काम संगणक व मोटारी करितात, एवढेच.

यंत्र शक्यतो गच्चीवर मांडू नये. कोणी चालले की स्लॅब थरथरते. अंगणातील टणक जमीन बरी, आणि काळी माती असेल तर प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा घालावा.