श्वानशिक्षणात खाऊ आणि खेळणे

कुत्र्याला शिकविणे म्हणजे त्याची इच्छा मोडून काढणे, अशी समजूत फार काळ रूढ होती. जर्मन पोलीस दलातील कोन्राड मोस्ट यांनी १९१० मध्ये श्वानशिक्षणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात सक्ती आणि गळपट्ट्याचा हिसका यांना मोठे स्थान होते. वास्तविक त्याच्या बारा वर्षे आधीच, १८९८ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेली मांजरे व कुत्री पेट्यांत कोंडून त्यांचे निरीक्षण केले होते. ज्या हालचालीमुळे दार उघडून अन्न मिळे, ती हालचाल प्राणी पुन्हा पुन्हा व अधिकाधिक लवकर करू लागत. बी. एफ. स्किनर यांनी हे तत्त्व पुढे सविस्तर मांडले. मात्र प्रयोगशाळेतील ही गोष्ट घराच्या अंगणापर्यंत पोहोचण्यास अर्धे शतक लागले. बक्षीस देऊन शिकविणे सोपे आहे हे सर्वांनाच कळते. परंतु बक्षीस कशाला म्हणावे हे मालक ठरवीत नाही, कुत्रा ठरवितो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

हे स्पष्ट होण्यासाठी एखादे ठिकाण व एखादे जनावर डोळ्यांपुढे आणणे बरे. कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे तमिळनाडूतील देवालयांचे गाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही; तंजावरच्या भोसले राजांनी १७९९ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन करीपर्यंत हा मुलूख मराठ्यांच्याच अमलाखाली होता. समजा, तेथील एखाद्या घरी राजापालयम जातीचे पिल्लू आणले आहे. दक्षिणेकडील विरुधुनगर जिल्ह्यातील एका गावावरून नाव पडलेली ही जात अंगाने पांढरीशुभ्र, नाकाने गुलाबी व स्वभावाने एकमार्गी असते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळ कुत्र्याबरोबर हिलाही स्थान मिळाले. रानडुकराची शिकार व राखण यांसाठी जोपासलेले हे जनावर मालकाच्या प्रत्येक शब्दाकडे कान लावून बसणारे नव्हे. म्हणूनच त्याला शिकविताना बक्षिसाचा खरा कस लागतो.

पहिली बाब वेळेची. पिल्लू बसले, मालक स्वयंपाकघरात गेला, डबा उघडून तुकडा घेऊन आला. तोवर पिल्लू उठून दाराकडे निघालेले असते. मग मालकाच्या मते बक्षीस बसण्याचे, तर पिल्लाच्या लेखी ते दाराकडे जाण्याचे. तुकडा क्रिया घडताच, फार तर सेकंदाभरात मिळाला पाहिजे. हे नेहमी शक्य नसते, म्हणून मध्ये एक खूण योजतात. स्किनर यांनी १९५१ मधील एका लेखात यासाठी टिकटिक वाजणारे साधे खेळणे सुचविले होते. खूण व खाऊ यांची जोडी काही दिवस लागोपाठ जमविली, की खूण ऐकताच ‘आपण केले ते बरोबर, खाऊ येतो आहे’ असा अर्थ कुत्रा घेतो. खुणेसाठी शब्दही चालतो. पण तमिळ घरात ‘सरी’ हा शब्द निवडणे व्यर्थ होय. ‘बरे’, ‘ठीक’ या अर्थाने तो दिवसातून शंभरदा कानी पडतो आणि खाऊ मात्र येत नाही. त्यापेक्षा मराठीप्रमाणेच तमिळमध्येही रुळलेला ‘शाबास’ बरा, कारण तो क्वचित उच्चारला जातो.

येथे राजापालयमची एक अडचण सांगितली पाहिजे. पांढऱ्या रंगाशी निगडित असे जन्मजात बहिरेपण या जातीत बरेच आढळते. हाक मारूनही न येणाऱ्या पिल्लाला हट्टी समजून मारहाण करण्यापूर्वी त्याच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बेताने, भांडे वाजवून पाहावे. कान मिटलेले असतील तर शब्दाऐवजी पंजा झटकन उघडून दाखविण्याची खूण करावी. एवढा बदल केला की बाकीचा पाठ जसाच्या तसा चालतो.

दुसरी बाब लाच व मोबदला यांतील भेदाची. ‘खाऊ दाखविल्याशिवाय कुत्रा ऐकतच नाही’ ही तक्रार करणारा मालक बहुधा आधी खाऊ दाखवितो व मग आज्ञा देतो. पहिल्या चार-सहा वेळा तुकड्याच्या मागे नाक फिरवीत नेऊन बसविणे योग्यच आहे. पण त्यानंतर हात रिकामा असावा आणि खाऊ क्रियेनंतर खिशातून किंवा मागच्या कट्ट्यावरून यावा. पाठ पक्का झाल्यावर प्रत्येक वेळी न देता कधी दुसऱ्या, कधी पाचव्या वेळी दिला, तर कुत्रा अधिक नेटाने काम करतो. हे नवशिक्या पिल्लाला लागू करणे मात्र अन्यायाचे. त्याला प्रत्येक वेळी मोबदला मिळालाच पाहिजे.

तुकडा मटाराच्या दाण्याएवढा पुरतो आणि तो दिवसाच्या शिध्यातूनच काढावा. कुत्र्याला उपाशी ठेवण्याची आवश्यकता नसते. भुकेची तीव्रताही जातीजातीत व कुत्र्याकुत्र्यात वेगळी असते. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की सुमारे चारांपैकी एका लॅब्राडोरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो, आणि अपंगांच्या साहाय्यासाठी निवडलेल्या लॅब्राडोरांत हे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास होते. त्यांच्या आज्ञाधारकपणाचे काही श्रेय पोटालाही द्यावे लागेल!

मांसाहारी घरात उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनमिठाच्या कोंबडीचे बारीक तुकडे उत्तम. शाकाहारी घरात पनीर, उकडलेले गाजर, साध्या इडलीचा कोर यांवर भागते. परंतु पानात उरलेले काहीही बक्षीस म्हणून देण्याची सवय देवळांच्या गावी विशेष घातक ठरते. गोड पोंगलमधील मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असे अलीकडे मानले जाते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच विकार नोंदविला गेला आहे. तेव्हा पुळियोदरै, म्हणजे चिंचभाताचा प्रसादही वर्ज्य. सांबारात चिंचेच्या जोडीला कांदा येतो, तोही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतो. रस्त्यावर पडलेल्या द्रोणाला तोंड न लावणे हा धडा म्हणूनच येथे शिष्टाचाराचा नसून प्राणरक्षणाचा आहे. तो रागावून शिकविता येत नाही. द्रोणाकडून तोंड वळविताच हातातून अधिक रुचकर तुकडा मिळतो, हे कुत्र्याच्या अनुभवास यावे लागते.

एवढे करूनही एखादे राजापालयम खाऊ हुंगून बाजूला होते. त्याला बक्षीस हवे असते धावण्याचे. नजरेने सावज टिपून पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांना हातातला स्थिर चेंडू निर्जीव वाटतो. तोच दूर घरंगळत गेला की सारे अंग ताठ होते. जुन्या वेष्टीच्या पट्ट्यांची घट्ट वेणी घालून, तिला लांब दोरी बांधून जमिनीवरून सरपटत ओढावी. बाजारातल्या खेळण्याहून हे सरस ठरते. काथ्याची दोरी टाळावी, तिचे तंतू पोटात जातात. आणि घशात अडकेल एवढा लहान चेंडू कधीही देऊ नये. ओढाओढीत कुत्र्याला जिंकू दिले तर तो शिरजोर होतो, हा समज ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खरा ठरला नाही. खेळणे सोडणे मात्र शिकवावे लागते, आणि त्याचा मोबदला पुन्हा खाऊच. स्थूलमानाने, जेथे शांतपणा हवा (बसणे, नखे कापू देणे) तेथे खाऊ. जेथे वेग हवा (हाकेसरशी धावत येणे) तेथे खेळणे.

मुधोळ कुत्र्याची हकीकत याला पूरक आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानावरून नाव मिळालेला हा कुत्रा मराठी मुलखात ‘कारवान’ म्हणून ओळखला जातो. देशी जाती शोधकामाला निरुपयोगी, असे मत असताना ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेली ‘रिया’ ही मुधोळ मादी २०२४ मधील अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात माग काढण्यात पहिली आली. स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याला स्फोटकांशी काही कर्तव्य नसते. त्या वासाजवळ निश्चल बसले की चेंडू येतो, एवढेच त्याला ठाऊक असते. प्रत्यक्ष तपासणीत बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि दिवसभर चेंडू न मिळालेल्या कुत्र्याचे नाक मंदावते. यासाठी त्याचा शिक्षक अधूनमधून स्वतःच नमुना लपवून ठेवतो.

रस्त्यावरचे कुत्रे घरी आणले तर हिशेब पुन्हा बदलतो. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०१७ मध्ये असे दाखविले की भटक्या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरील विश्वास वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार कुरवाळण्याने अधिक वाढतो. अशा कुत्र्याला चेंडू म्हणजे काय हेच ठाऊक नसते. उत्सवाच्या दिवशी तविल व नादस्वरम वाजत रथ गल्लीत शिरला की तो पनीरही नाकारतो. हे लाडावलेपण नव्हे. भ्यालेल्या प्राण्याची भूक मरते. अशा वेळी हुकूम सोडावेत, पट्टा सैल ठेवून वाद्यांपासून दूर, दोन गल्ल्या पलीकडे न्यावे आणि दर थोड्या पावलांवर तुकडा पुढे करून पाहावा. ज्या जागी तो तुकडा तोंडात घेईल, तेथूनच त्या दिवसाचा पाठ सुरू करावा.