ताटातला धोका आणि त्याचे माप

चि. मुक्ता हिस,


कर्करोग हा एकच रोग नव्हे. शंभराहून अधिक रोगांना मिळून हे नाव पडले आहे आणि त्यांतल्या प्रत्येकाशी आहाराचे नाते वेगळे आहे. मोठे आतडे, जठर, यकृत, अन्ननलिका आणि स्तन यांच्या कर्करोगांवर खाण्यापिण्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. लहान मुलांना होणाऱ्या बहुतेक कर्करोगांशी मात्र त्या मुलांच्या खाण्याचा काही संबंध आढळलेला नाही. आजारी मुलाची आई ‘माझ्या हातून काय चुकीचे खायला घातले गेले’ असे विचारते, तेव्हा आहारतज्ज्ञाने ही गोष्ट तिला सर्वांत आधी सांगावी.

आहाराविषयीचा संशय बळावला तो स्थलांतरितांच्या अभ्यासातून. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार होता आणि मोठ्या आतड्याचा कमी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांची पाहणी हेन्झेल आणि कुरिहारा यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढून अमेरिकी प्रमाणाकडे सरकला होता आणि तिकडेच जन्मलेल्या पिढीत जठराचा कर्करोग घटत होता. वंश तोच होता, राहणी तेवढी बदलली होती. ब्रिटन-अमेरिकेत गेलेल्या भारतीयांतही स्तनाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग मायदेशातल्यापेक्षा अधिक आढळतो. पुढे 1981 मध्ये रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांनी अंदाज मांडला की अमेरिकेतले कर्करोगाचे सुमारे 35 टक्के मृत्यू आहाराशी जोडता येतील. खरा आकडा 10 ते 70 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकेल, असेही त्यांनी लिहिले होते. लोकांनी 35 उचलला आणि त्याभोवतीची सावधगिरी सोडून दिली. तो अंदाज अमेरिकेपुरता होता, हेही विसरले गेले.

महाराष्ट्रात आहाराचा विचार ताटावरून उठल्यानंतर सुरू करावा लागतो. भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग सर्वांत अधिक आहे आणि त्याचे मूळ तंबाखू-चुना, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा यांत आहे. बायका दातांना मिशरी लावतात, तीही भाजलेली तंबाखूच. तंबाखूचे नाव निदान बदनाम तरी आहे. सुपारीला मात्र मुखशुद्धी म्हणून घरोघर मान असतो आणि पाहुण्यापुढे ती आदराने ठेवली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, निश्चित कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले. सुपारी सतत चघळल्याने गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते. आधी तिखट सोसेनासे होते, मग तोंड पुरते उघडेनासे होते. ही कर्करोगाच्या आधीची पायरी आहे. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण सुपारी घराघरात राहिली. रुग्णाच्या दिवसभराच्या खाण्याची नोंद घेताना ‘जेवणानंतर तोंडात काय टाकता’ हा प्रश्न राहून गेला, तर बाकीची नोंद कितीही काटेकोर असली तरी तिचा उपयोग थोडा.

काही कर्करोगांत आहाराचा वाटा फारसा नसतो, हेही माहीत असावे. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 मध्ये सुरू झाली, ती देशातली पहिली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी 1987 मध्ये बार्शीला झाली. मुंबईच्या बायकांत स्तनाचा कर्करोग पुढे होता, तर बार्शीकडच्या खेड्यांत गर्भाशयमुखाचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. तिथे लस आणि वेळेवरची तपासणी कामाला येते, पथ्य नाही.

दारूच्या बाबतीत पुरावा पक्का आहे. शरीरात अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड बनते आणि ते पेशींतल्या डीएनएला इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांचे कर्करोग त्यामुळे वाढतात. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंड-घशाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही मोठा होतो. कर्करोगापुरते पाहिले तर दारूची बिनधोक मात्रा कोणतीच नाही, आणि ‘थोडी घेतली तर हृदयाला बरी’ हे वाक्य आहारतज्ज्ञाच्या तोंडी शोभत नाही.

वजनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शरीरातील अतिरिक्त चरबीचा तेरा प्रकारच्या कर्करोगांशी संबंध असल्याचा निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होते, म्हणून त्या वयातली वाढती चरबी स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाला पोषक ठरते. इन्सुलिनची सततची चढी पातळीही पेशींच्या वाढीला चालना देते. पण आपल्याकडे ही चरबी वजनकाट्यावर नीट दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये आपली दोघांची मापे छायाचित्रासह छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होती. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात तर नवजात बाळांतही हेच दिसले: वजन कमी, स्नायू कमी, चरबी त्या मानाने टिकून. म्हणून कंबरेचा घेर मोजावा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही दक्षिण आशियाई लोकांसाठीची मर्यादा आहे. हाडकुळ्या हातापायांच्या माणसाचे पोट सुटले असेल, तर त्याला ‘तब्येत चांगली आहे’ म्हणून परत पाठवू नये.

या चरबीचा पहिला तडाखा बहुधा मधुमेहाच्या रूपाने बसतो, आणि तिथे खाण्या-चालण्यातल्या बदलाचा उपयोग मोजून दाखवलेला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. सुमारे तीन वर्षांत नेहमीसारखे राहणाऱ्यांपैकी 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्यांपैकी 39.3 टक्के लोकांना. सगळे वाचले नाहीत, पण वाचलेले थोडेही नव्हते. आहाराचा सल्ला काय साधू शकतो, याची ही प्रामाणिक कल्पना आहे.

चोथ्याचे महत्त्व जगापुढे आग्रहाने मांडले ते डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने. आफ्रिकेत अनेक वर्षे काम करताना चोथायुक्त अन्न खाणाऱ्या खेड्यांतल्या लोकांत मोठ्या आतड्याचे विकार फार कमी असल्याचे त्याला दिसले. पुढे युरोपातल्या दहा देशांतल्या सुमारे 5 लाख 20 हजार लोकांच्या अभ्यासातही अधिक चोथा खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळला. चोथा आतड्यातला मळ पुढे सरकवतो. शिवाय तिथले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर पोसतात. कच्च्या 100 ग्रॅममागे ज्वारीत सुमारे 10, बाजरी-नाचणीत 11 ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तो 3 ग्रॅमही भरत नाही. भाकरीचे कौतुक योग्यच आहे, पण कोंड्यासह दळलेल्या गव्हाची पोळी या बाबतीत तिच्या बरोबरीची आहे. पोळी सोडायला लावून कुणाचे भले होत नाही. खरे नुकसान सकाळच्या चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि बिस्किटे करतात, आणि दुपारच्या जेवणाच्या जागी येणारा वडापाव करतो. उसळ, आमटी, पालेभाजी आणि कोशिंबीर हे ताटातले जुने मानकरी जागेवर राहिले, तर चोथ्यासाठी वेगळी पावडर विकत घ्यावी लागत नाही.

मांसाविषयी 2015 मध्ये मोठी खळबळ झाली. प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्ककारकांत आणि तांबडे मांस संभाव्य कर्ककारकांत गणले गेले. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, हा त्या वेळचा आकडा. तो समजावून सांगण्याची एक रीत आहे. समजा, एखाद्या समाजात 100 पैकी 5 जणांना आयुष्यात हा रोग होतो. 18 टक्के वाढ झाली तर तो जवळजवळ 6 जणांना होईल. प्रक्रिया केलेले मांस आणि तंबाखू एकाच गटात आली, याचा अर्थ दोन्ही सारखीच घातक आहेत असा नाही. पुरावा किती पक्का आहे, एवढेच त्या गटातून कळते. धोका किती मोठा, हे वेगळे मोजावे लागते. रविवारच्या मटणावर त्यामुळे बंदी घालण्याचे कारण नाही. सॉसेज, सलामी आणि गोव्याचे चोरिस मात्र कधीमधी खाण्यापुरते ठेवावे. कँटोनी पद्धतीचा खारवलेला मासाही पहिल्या गटात आहे, पण तो निष्कर्ष कोकणातल्या सुक्या बोंबलाला लावता येत नाही. खारवलेल्या मासळीतल्या मिठाचा जठराशी आणि रक्तदाबाशी असलेला संबंध तेवढा लक्षात ठेवावा. दिवसाला एकूण 5 ग्रॅम मीठ पुरे, आणि लोणचे-पापड त्यातच धरायचे.

बुरशीकडे शहरातला आहारतज्ज्ञ सहसा पाहत नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. कारण निघाले बुरशी आलेली भुईमुगाची पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. अशी विषबाधा एकाएकी दिसते, पण तेच विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो, आणि हिपॅटायटिस ‘बी’ असलेल्या माणसात तो धोका कितीतरी पटींनी वाढतो. दाणे भाजले तरी हे विष पुरते नष्ट होत नाही. ज्या घरात भाजी-उसळीपासून उपासाच्या खिचडीपर्यंत दाण्याचा कूट पडतो, तिथे काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकणे हे कर्करोग टाळण्याचेच काम आहे. तसले दाणे जनावरालाही घालू नयेत, कारण विषाचा अंश दुधात उतरतो.

गोळ्यांचा इतिहास दर नव्या आहारतज्ज्ञाने नीट वाचावा. भाज्या-फळे खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसे आणि त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक सापडे. तेव्हा तेच गोळीतून द्यावे, अशी कल्पना निघाली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर प्रयोग झाला. 1994 मध्ये निकाल आला तो उलटा: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक. अमेरिकेतला असाच प्रयोग 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. ‘ई’ जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती, तिथेही 2011 मध्ये तो 17 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. याउलट चीनमधल्या लिनशियन परगण्यात, जिथे लोकांचे मूळ अन्नच निकस होते, तिथे बीटा-कॅरोटीन, ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर जठराच्या कर्करोगाचे मृत्यू घटले. उणीव असेल तिथे ती भरून काढणे गुणकारी ठरते. पोट भरलेल्या माणसाला त्याच वस्तूचा मोठा डोस देणे घातक ठरू शकते. गाजर खाण्याचा फायदा गाजरातल्या एका द्रव्याच्या नावावर लिहिता येत नाही. हळदीतले कर्क्युमिन परीक्षानळीत पेशींवर परिणाम करते, पण पोटातून ते फारच थोडे शोषले जाते आणि माणसांत त्याने कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही. हळद फोडणीत राहू द्यावी, तिच्या महागड्या कॅप्सूल लिहून देऊ नयेत.

रोग झाल्यानंतरचा आहार हा निराळा विषय आहे, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हा समज घरोघर पसरला आहे. साखर पूर्ण तोडली तरी शरीर इतर अन्नातून आणि स्नायू झिजवून ग्लुकोज बनवतच राहते. गाठीला ते मिळते आणि माणूस खंगतो. केमोथेरपीच्या काळात वजन घटले तर उपचार सोसत नाहीत, डोस पुढे ढकलावे लागतात. अशा रुग्णाला केवळ रसांवर ठेवणे किंवा त्याचे दूध, अंडी, डाळी काढून घेणे हे क्रूर आहे, मग ते कितीही मायेने केलेले असो. मऊ खिचडीवर तूप, दही, अंडे, शिजवलेल्या डाळीचे घट्ट वरण, थोडे थोडे पण दिवसातून सहा वेळा, असा आहार त्याला द्यावा. तोंड आले असेल तर तिखट आणि आंबट टाळावे. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर नोंदवावे आणि ते सलग उतरू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.

कळावे.
तुझी आत्या