घोरणे, रक्तदाब आणि मिठाचा पुडा

घोरणे म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे रक्तदाबाचे रुग्ण डोकेदुखी सांगतात, चक्कर सांगतात. घोरण्याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. सीताबर्डीवरील माझ्या दवाखान्यात ही माहिती बहुधा सोबत आलेल्या पत्नीकडूनच मिळते. ‘‘रात्री यांचा श्वास मधेच बंद पडते जी, मग एकदम दचकून घोरणं सुरू होते,’’ असे कुणी म्हटले, की गोळ्या वाढवण्याचा विचार मी थोडा बाजूला ठेवतो.

या विकाराला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू घाबरून शरीराला जागे करतो आणि त्या धांदलीत रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. यांचा रात्रभर चढत राहतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरातील सुमारे साडेसात जणांना झोपेतील श्वासरोध आणि दिवसा पेंग असा पूर्ण विकार आढळला. तीन-तीन औषधे घेऊनही ज्यांचा रक्तदाब दाद देत नाही, त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी अधिक असते.

आता यात मिठाचा संबंध काय? मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. दिवसभर उभे राहून, बसून हे पाणी पायांत उतरते. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो तो त्यामुळेच. आडवे झालो की तेच पाणी मानेकडे सरकते, घशाभोवतीचा भाग फुगतो आणि आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. टोरांटोच्या संशोधकांनी २००६ साली निरोगी माणसांच्या पायांवर बाहेरून दाब दिला, तर थोड्याच वेळात त्यांच्या मानेचा घेर आणि घशातील अडथळा दोन्ही वाढले. शिवाय अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असलेल्या रुग्णांत मीठ आणखी त्रास देते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून थोडे कमीच मीठ सांगते. हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान पन्नास दिवस पुरायला हवा. आपल्याकडे तो महिनाभर तरी टिकतो का, गृहिणींनीच पाहावे! आणि यात बाहेरचे मीठ धरलेलेच नाही. सकाळचे तर्री-पोहे, त्यावर शेव, जेवणात लोणचे, पापड, ताकातली तळलेली मिरची, रविवारी सावजी रस्सा. पापडखार आणि खायचा सोडा खारट लागत नाहीत, पण सोडियम त्यांतही असतेच. सैंधव खाल्ले तर चालते, हा समजही खोटा. तेही मुख्यतः तेच मीठ. पोटॅशियम असलेले ‘लो सोडियम’ मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

मीठ तोडले की घोरणे थांबेल, असे मी म्हणणार नाही. ब्राझीलमधील एका छोट्या प्रयोगात आठवडाभर मीठ कमी केल्यावर श्वास थांबण्याचे प्रमाण थोडे उतरले, विकार गेला नाही. वजन घटवणे, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळणे, कुशीवर झोपणे यांचीही जोड लागते. विकार तीव्र असेल, तर १९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी दाखवून दिलेले, नाकावाटे हवेचा दाब देणारे ‘सीपॅप’ यंत्र वापरावे लागते.

रक्तदाब आटोक्यात येत नसेल, दिवसा खुर्चीत किंवा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, सकाळी डोके जड असेल, तर छाती-विकारतज्ज्ञांकडून झोपेची तपासणी करून घ्यावी. जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे. आणि तोवर चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.