सायकलचे चाक : बांधणी व दुरुस्ती
(इयत्ता सातवी व आठवीसाठी हस्तव्यवसायाचा पाठ)

खोपोलीजवळचा शिळफाटा हे जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरील वर्दळीचे ठिकाण होय. बोरघाटाचा पायथा येथून जवळ आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीचे स्पर्धक याच रस्त्याने येऊन घाट चढत आले आहेत. शर्यतीचा दिवस वर्षातून एकदा येतो. पण रस्त्याच्या कडेने दप्तर पाठीस लावून सायकलवरून जाणारी मुले शाळेच्या प्रत्येक दिवशी दिसतात.

खालापूर व कर्जत तालुक्यांतील वाड्या डोंगराच्या उतारावर विखुरलेल्या आहेत. प्राथमिक शाळा वाडीच्या जवळ असते. पुढील इयत्तांचे वर्ग मात्र पुष्कळदा काही किलोमीटर दूर असतात. सायकल असेल तर हे अंतर मुलांस जड वाटत नाही. परंतु पावसाळ्यात एखाद्या खड्ड्यात चाक आदळते, दोन तारा तुटतात, रिम ब्रेकला घासू लागते आणि सायकल घराच्या भिंतीस टेकून उभी राहते. दुरुस्तीस पैसे नसतात किंवा वडिलांस सवड नसते. दोन दिवसांची गैरहजेरी पंधरवड्यावर जाते आणि मागे पडलेले गणित पुन्हा हाती येत नाही. मुलीच्या बाबतीत तर ‘आता शाळा पुरे’ हा निर्णय घरात याहूनही लवकर होतो. ज्या दोषाचे निवारण एका लहानशा पान्याने होऊ शकते, त्यापायी एखाद्या मुलाची शाळा सुटावी, हे शाळेस भूषणावह नाही. म्हणून हा पाठ.

पाठाची भूमिका

हाताच्या कामातून ज्ञान द्यावे, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. 1937 साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली व त्यातूनच मूलोद्योग शिक्षणाची योजना आकारास आली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून त्या काळात स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. सायकलचे चाक हा त्यासाठी उत्तम विषय आहे. त्यात विज्ञान आहे, गणित आहे, आणि ते प्रत्येक गावात सहज मिळते.

साहित्य : एक जुनी सायकल, निपल फिरविण्याचा पाना, खडू, तेलाची बुधली, कानस, तारेचे काही तुकडे, बांबूचे एक कडे, एक बांगडी व सुतळी.

दोन चाकांची तुलना

पाठाचा आरंभ मुलांस ठाऊक असलेल्या बैलगाडीच्या चाकापासून करावा. त्याच्या मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात बसविलेले जाड आरे, त्यांवर पुठ्ठे आणि सर्वांबाहेर लोखंडी धाव असते. धाव तापवून चढवितात. निवताना ती आकसते आणि सर्व चाकास आत दाबून धरते. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर येतो व तो आरा खांबाप्रमाणे भार पेलतो.

आता सायकलची एक सुटी तार मुलांच्या हाती द्यावी व ती टेबलावर उभी धरून वरून दाबावयास सांगावे. तार लगेच वाकते. मग शिक्षकाने विचारावे, “जी तार बोटाच्या दाबाने वाकते, तिच्यावर माणूस कसा बसतो?” मुलांस विचार करण्यास पुरेसा अवधी द्यावा. उत्तर सांगण्याची घाई करू नये.

बांबूच्या कड्याच्या मध्यभागी बांगडी ठेवून ती आठ सुतळ्यांनी चोहोबाजूंनी कड्यास ताणून बांधावी. बांगडी मध्यावर स्थिर राहते. तिला एक लहानसे वजन टांगावे. वरच्या सुतळ्या अधिक ताणल्या जातात, खालच्या किंचित सैलावतात, पण बांगडी फारशी हलत नाही. नंतर सर्व सुतळ्या सैल बांधून तेच वजन टांगावे. आता बांगडी खाली घसरते व डोलू लागते. सुतळीस दाब सोसत नाही, केवळ ओढ सोसते. सर्व बाजूंची ओढ आधीपासून पुरेशी असेल तरच मधली बांगडी जागेवर राहते. सायकलचे चाक याच तत्त्वावर उभे आहे. प्रत्येक तार आधीच ताणलेली असते. स्वार बसला की जमिनीजवळच्या तारांचा ताण कमी होतो, पण तो संपत नाही. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका तारेवर 80 ते 100 किलोग्रॅम वजन टांगल्याइतकी ओढ असू शकते, हे ऐकून मुलांस नवल वाटेल.

थोडा इतिहास

ताणलेल्या तारांचे चाक सुचण्यास बराच काळ लागला. 1869 साली पॅरिस येथील यूजीन मेयर याने सायकलसाठी अशा चाकाचे एकस्व घेतले. इंग्लंडातील कव्हेंट्री येथे शिवणयंत्रांचे काम करणारा जेम्स स्टार्ली याने 1874 मध्ये तिरप्या तारांच्या चाकाचे एकस्व मिळविले. तार हबमधून सरळ बाहेर जात असेल, तर साखळीने हब फिरविताच तारा पिळवटतात. ती तिरपी असेल तर हबची ओढ थेट रिमपर्यंत पोहोचते. आजच्या बहुतेक सायकलींत तारा एकमेकींस छेदून जाताना दिसतात, त्याचे कारण हेच.

चाकाची बांधणी

36 तारांचे चाक घेतल्यास गणित सोपे होते. हबच्या दोन्ही बाजूंच्या चकत्यांस प्रत्येकी 18 छिद्रे असतात. त्या 18 पैकी 9 तारा पुढे झुकतात व 9 मागे. रिमवरील छिद्रे एकाआड एक डाव्या व उजव्या चकतीची असतात. दोन छिद्रांमधील कोन 360 भागिले 36, म्हणजे 10 अंशांचा होतो.

प्रथम एका चकतीतून एकाआड एक 9 तारा ओवून, व्हॉल्वच्या छिद्राशेजारून आरंभ करून, रिमच्या प्रत्येक चौथ्या छिद्रात बसवाव्यात. नंतर दुसऱ्या चकतीच्या 9 तारा त्यांच्या लगतच्या छिद्रांत बसवाव्यात. मग हब किंचित फिरवावा, म्हणजे या 18 तारा एका दिशेस झुकतात. उरलेल्या 18 तारा उलट दिशेने न्याव्यात. प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांस छेदते. दोघींच्या एका अंगाने जाते आणि तिसरीच्या दुसऱ्या अंगाने. टोपली विणणाऱ्याच्या घरातील मुलास हे चटकन उमगेल. त्यालाच पुढे बोलवावे.

जुन्या धाटणीच्या उंच सायकलींत पुढच्या चाकास 32 व मागच्या चाकास 40 तारा असत. असे का, हे मुलांनीच शोधावे. स्वाराचा अधिक भार आणि साखळीची ओढ मागच्या चाकावर येते, हे त्यांच्या ध्यानात येईल.

चाकाचा आउट काढणे

चाक वेडेवाकडे फिरू लागले की कारागीर ‘चाक आउट झाले’ असे म्हणतात. सायकल खोगीर व हँडल यांवर उलटी उभी करावी. चिमट्याच्या दांड्यावर बोट टेकवून खडू रिमजवळ स्थिर धरावा व चाक सावकाश फिरवावे. जेथे रिम खडूस लागते तेथे खूण उमटते.

पुढील क्रम पाळावा.

1. प्रथम सर्व तारा बोटांनी चाचपून पाहाव्यात. तुटलेली तार बदलावी व फार सैल असलेली इतरांच्या बरोबरीस आणावी.

2. नंतर चाकाची गोलाई पाहावी. रिम जेथे बाहेर आलेली असेल, तेथील डाव्या व उजव्या तारा सारख्याच आवळाव्यात. जेथे ती आत गेली असेल, तेथे सारख्याच सैल कराव्यात.

3. मग बाजूचा झोल काढावा. रिम उजवीकडे झुकली असेल, तर तेथील डाव्या तारा थोड्या आवळाव्यात व उजव्या तितक्याच सैल कराव्यात. असे केल्याने गोलाई बिघडत नाही.

4. पाना एका वेळी पाव फेराच फिरवावा व चाक पुन्हा फिरवून पाहावे. नेहमीच्या 2 मिलिमीटर जाडीच्या तारेवर निपलाचा एक पूर्ण फेरा सुमारे 0.45 मिलिमीटर सरकतो. पाव फेरा म्हणजे जेमतेम 0.11 मिलिमीटर.

5. शेवटी पुढचे चाक काढून उलटे बसवावे. दोन्ही वेळा रिम चिमट्याच्या मध्यावर आली, तर काम बरोबर झाले.

मुले दोन ठिकाणी हटकून चुकतात. पहिली चूक दिशेची. निपल टायरच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरविल्यास आवळते. हबच्या बाजूने पाहताना हीच दिशा उलटी दिसते. दुसरी चूक अशी की, मूल केवळ आवळतच जाते. जेथे दोष दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा समोरच्या बाजूच्या सैल तारेत असते. आवळण्यापूर्वी पाहावे, हा या कामातील पहिला धडा होय.

गंजलेल्या निपलावर बळ वापरू नये. तेलाचा थेंब सोडून थांबावे. निपलाबाहेर आलेले तारेचे टोक कानशीने घासावे, नाहीतर ट्यूबला भोक पडते. चाक वेगाने फिरत असताना तारांजवळ बोट नेऊ देऊ नये.

सैल तार आधी तुटते

“घट्ट तार आधी तुटेल की सैल?” असे विचारल्यास बहुतेक मुले घट्ट तारेचे नाव घेतील. मग तारेचा एक तुकडा प्रत्येकास देऊन तो एकाच जागी वारंवार वाकवावयास सांगावे. थोड्याच वेळात तो तुटतो. सैल तारेचे असेच होते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती ढिली पडते व पुन्हा झटका खाते आणि अखेर हबजवळच्या बाकावर तुटते. पुरेशी ताणलेली तार मात्र आपला भार शेजारणींबरोबर वाटून घेते व दीर्घकाळ टिकते. तारा बोटाने छेडल्यास एका बाजूच्या सर्व तारांचा स्वर साधारण सारखा आला पाहिजे. ज्या मुलास सुराचा कान आहे, त्यास हे काम द्यावे.

कारागिराची भेट

या पाठासाठी गावातील किंवा फाट्यावरील सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरास शाळेत निमंत्रण द्यावे. त्यांस खुर्ची द्यावी, ‘आपण’ म्हणून संबोधावे व त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला शाळेने द्यावा. ज्या कारागिराचा मुलगा त्याच वर्गात बसतो, त्याला त्या दिवशी आपल्या वडिलांचे काम फळ्यापुढे मानाने मांडलेले दिसेल. त्याचा लाभ कोणत्याही गुणपत्रकात मोजता येणार नाही.

पाठानंतर शाळेत एक निपल-पाना, तेलाची बुधली व काही तारा कायमच्या ठेवाव्यात. आठवड्यातून एका दुपारी मोठ्या मुलामुलींनी इतरांच्या सायकली तपासाव्यात. हजेरीपत्रकात एखादे नाव सलग दोन दिवस गैरहजर दिसले, तर शिक्षकाने ‘का आला नाहीस?’ असे विचारण्याआधी ‘सायकल ठीक आहे ना?’ असे विचारून पाहावे.

स्वाध्याय

1. बैलगाडीच्या व सायकलच्या चाकातील आऱ्यांवर येणाऱ्या बळांत काय फरक आहे? आकृती काढून दाखवा.

2. 40 तारांच्या चाकात रिमवरील लगतच्या दोन छिद्रांमधील कोन किती अंशांचा असेल?

3. रिम डावीकडे झुकली असल्यास कोणत्या तारा आवळाल व कोणत्या सैल कराल? कारण द्या.

4. आपल्या घरातील किंवा शेजारची एक सायकल तपासा. तिच्या सैल तारा मोजा व त्या दुरुस्त करण्यास कोणाची मदत घेतली, ते लिहा.