कळ, संकेत आणि अक्षर : मराठी टंकलेखनांतील दोष कसे शोधावे



गेल्या वर्षीं घडलेली एक गोष्ट सांगून या पाठास आरंभ करतों. पूर्णाकांठच्या एका खेड्यांतून येणाऱ्या नववीच्या एका मुलीनें आपल्या आजीच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या उतरून घेतल्या होत्या. त्या आपल्याकडील लेवा गण बोलींत होत्या. वार्षिकांत छापावयास द्याव्या म्हणून चार दिवस दुपारच्या सुटींत ती जुन्या संगणकासमोर बसली आणि तिनें त्या सर्व टंकलिखित केल्या. मजकूर जतन करतांना संगणकानें पडद्यावर इंग्रजींत कांहीं विचारलें. मी शेजारींच उभा होतों. प्रश्न न वाचतांच मी म्हणालों, "हो म्हण, आणि आटप."

दुसरे दिवशीं फाइल उघडून पाहतों तों ओळींमागून ओळी प्रश्नचिन्हांच्या! अक्षर एकही नाहीं. शब्दांमधील मोकळ्या जागा तेवढ्या जागच्या जागीं. मुलगी म्हणाली, "सर, यांतलं कांहीं परत येईल का?" मला "नाहीं" म्हणावें लागलें. कच्चे कागद, काम झालें म्हणून, तिनें घरीं चुलींत घातले होते. आजीबाईंनीं पुन्हां गाऊन दाखविलें खरें. पण ओवी जात्याच्या घरघरीबरोबर ओठांवर येते, मागून बोलाविली म्हणजे येतेच असें नाहीं. कांहीं ओव्या पुन्हां मिळाल्या नाहींत.

दोष यंत्राचा नव्हता, मुलीचा तर मुळींच नव्हता. यंत्रानें आधीं बजाविलें होतें. तें मी वाचलें नाहीं. अशी चूक तुमच्या हातून होऊं नये, आणि अक्षरें बिघडलेलीं दिसलीं तर बिघाड नेमका कोठें आहे हें तुम्हांस शोधतां यावें, एवढ्यासाठीं हा पाठ आहे.

अक्षराचा प्रवास

प्रथम हें ध्यानांत घ्या कीं, संगणक अक्षरें सांठवीत नाहीं. तो अंक सांठवितो. युनिकोड नांवाच्या सर्वमान्य संकेतांत प्रत्येक अक्षरास एकेक अंक ठरवून दिला आहे. नागरी लिपीच्या मुख्य अक्षरांसाठीं २३०४ पासून २४३१ पर्यंत अशा १२८ जागा राखून ठेविल्या आहेत. त्यांत 'क' चा अंक २३२५ आणि 'म' चा २३५०. तुम्ही कळ दाबतां तेव्हां अक्षरास चार मुक्काम करावे लागतात. पहिला मुक्काम कळेचा. दुसरा कळफलकाच्या रचनेचा, कारण कोणत्या कळेनें कोणतें अक्षर उमटावें हें रचना ठरविते. तिसरा संकेताचा, म्हणजे अक्षराचा अंक कोणत्या पद्धतीनें फाइलींत जतन होतो याचा. आणि चौथा फॉन्टचा, म्हणजे त्या अंकास पडद्यावर जो आकार मिळतो त्याचा.

बहुतेक लोक चूक दिसली कीं कळफलक आपटतात किंवा सारा मजकूर पुन्हां लिहावयास बसतात. हें वड्याचें तेल वांग्यावर काढण्यासारखें आहे. भुसावळ जंक्शनावर नागपुराकडे जाणारी गाडी खंडव्याच्या रुळावर गेली, तर इंजिन बदलून कांहीं उपयोग होत नाहीं. सांधा पाहावा लागतो. आपणही एकेक मुक्काम क्रमानें तपासूं.

पहिला मुक्काम : कळ

एखादें अक्षर उमटत नसेल तर भाषा इंग्रजी करून तीच कळ दाबून पहा. त्यानंतर दुसरा एखादा कार्यक्रम उघडून तेथेंही दाबून पहा. सगळीकडे कळ मुकीच राहिली तर दोष कळेचा किंवा तारेचा समजावा. आपल्या खानदेशांत उन्हाळ्याची धूळ कळांच्या फटींत फार बसते. संगणक बंद करून, कळफलक पालथा धरून हलकेच झटकावा आणि मऊ कुंचल्यानें साफ करावा. कळ इंग्रजींत नीट चालत असेल तर ती निर्दोष आहे. तिला सोडून पुढें चला.

कधीं कधीं कळा धड असून यंत्राच्या कांहीं सोयी आपल्या नकळत चालू होतात. विंडोज प्रणालींत उजवीकडील शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून ठेविली तर यंत्र चटकन् दाबलेल्या कळांकडे दुर्लक्ष करणारी सोय सुरू करूं पाहतें, आणि शिफ्ट लागोपाठ पांच वेळां दाबली तर ती कळ दाबलेलीच आहे असें धरून चालणारी सोय पुढें करतें. हात अधू असलेल्यांसाठीं या सोयी केलेल्या आहेत. आपणांस नको असतील तर त्या बंद कराव्या. कांहीं लहान संगणकांवर अक्षरांच्या जागीं आंकडे उमटूं लागतात. तेथें नम लॉकची कळ चालू आहे काय तें पाहावें.

दुसरा मुक्काम : रचना

मराठीऐवजीं इंग्रजी अक्षरें उमटत असतील, तर प्रथम पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत भाषेची खूण कोणती दिसते तें पहा. जुन्या विंडोजमध्यें आल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबून, व नव्यांत विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलतां येते.

मराठी अक्षरें उमटतात, पण भलतींच उमटतात, असें झालें तर रचना निराळी आहे असें समजावें. आपल्याकडे मुख्यतः दोन रचना चालत आल्या. एक जुन्या टंकयंत्राची, जिला लोक रेमिंग्टन म्हणतात. आणि दुसरी इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्टमध्यें स्वर डाव्या हातास आणि व्यंजनें मुख्यतः उजव्या हातास असतात, आणि क-ख, त-थ, प-फ अशा जोड्या एकेकाच कळेवर असतात. जोडींतील दुसरें अक्षर शिफ्टनें येतें. वर्णमालेचा क्रम ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना लौकर साधते.

या दोन रचनांत एक महत्त्वाचा भेद आहे. टंकयंत्रावर 'कि' लिहितांना आधीं वेलांटी व मग 'क' उमटवावा लागे, कारण कागदावर वेलांटी डावीकडे येते. इनस्क्रिप्टमध्यें उच्चाराचा क्रम पाळावयाचा असतो : आधीं 'क', मग वेलांटी. जुन्या सवयीनें वेलांटी आधीं दाबली कीं तिच्याजवळ ठिपक्यांचें एक वर्तुळ दिसूं लागतें. पुष्कळांना तो यंत्राचा बिघाड वाटतो. वास्तविक यंत्र एवढेंच सांगत असतें कीं, या वेलांटीस व्यंजन मिळालेलें नाहीं.

मराठीचा म्हणून एक खास अडथळा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. साधा 'र', हलन्त आणि 'या' लिहिलें तर रफार होतो आणि 'दर्या' उमटतें. 'दऱ्या' साठीं निराळा 'ऱ' घ्यावा लागतो. इनस्क्रिप्टमध्यें इंग्रजी 'जे' च्या कळेवर 'र' आहे. तीच कळ शिफ्टसह दाबली म्हणजे 'ऱ' येतो. मग 'डी' च्या कळेनें हलन्त, आणि पुढें 'य' व काना. एवढें शिकलें नाहीं तर सातपुड्याच्या दऱ्यांत समुद्र शिरतो, आणि 'आचाऱ्यास' बोलवावयाचें तेथें 'आचार्यास' आमंत्रण जातें!

तिसरा मुक्काम : संकेत आणि जतन

येथपर्यंतच्या चुका डोळ्यांस लगेच दिसतात. या मुक्कामावरची चूक मात्र लपून राहते. लिहितांना सर्व ठीक दिसतें आणि फाइल पुन्हां उघडली म्हणजे कळतें.

नोटपॅड हा साधा लेखन-कार्यक्रम घ्या. २०१९ सालापूर्वींच्या आवृत्त्यांत तो नवा मजकूर, आपण दुसरें न सांगितल्यास, अॅन्सी नांवाच्या जुन्या पद्धतीनें जतन करी. त्या सालच्या सुधारणेपासून यूटीएफ-८ ही पद्धति नेमून दिली गेली. युरोपीय भाषांसाठीं चालणाऱ्या अॅन्सी पद्धतींत एका अक्षरास एकच बाइट मिळतो, आणि एका बाइटांत २५६ च निरनिराळ्या खुणा मावतात. तेथें 'क' चा २३२५ हा अंक मावणार कसा? न मावणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागीं कार्यक्रम प्रश्नचिन्ह ठेवितो, आणि प्रश्नचिन्हाचा अंक ६३ आहे. 'क' असो, 'म' असो वा 'ज्ञ' असो, सर्वांचे ६३ च होतात. फाइल बंद झाल्यावर त्या ६३ वरून मूळ अक्षर कोणतें होतें हें कोणीही सांगूं शकत नाहीं. आमच्या ओव्या अशाच गेल्या. जतन करण्यापूर्वीं, युनिकोडचीं अक्षरें नाहींशीं होतील, अशी सूचना पडद्यावर येते. तेथें थांबून संकेत म्हणून यूटीएफ-८ निवडावा.

यूटीएफ-८ मध्यें नागरीच्या प्रत्येक अक्षरास तीन बाइट लागतात. 'क' चे बाइट २२४, १६४ आणि १४९. अशी फाइल एखाद्या कार्यक्रमानें चुकून एकेरी बाइटांची समजून उघडली, तर एका अक्षराचीं तीन विचित्र चिन्हें होतात, आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए' जागोजागीं दिसतो. हें दृश्य भयंकर असलें तरी येथें मूळचे अंक शाबूत आहेत. त्या स्थितींत कांहीं जतन न करतां फाइल बंद करावी, आणि पुन्हां उघडतांना यूटीएफ-८ निवडावा. मजकूर जसाच्या तसा परत येतो.

याच मुक्कामावरील आणखी एक सूक्ष्म दोष सांगतों. 'ॲल्युमिनियम' यांतील आद्याक्षरास युनिकोडनें २००८ सालीं स्वतंत्र जागा दिली. त्यापूर्वीं 'अ' लिहून त्यावर चंद्र देत असत, आणि अद्यापि कित्येक तसें लिहितात. दिसावयास दोन्ही सारखीं, पण अंक निराळे. म्हणून मजकुरांत शब्द डोळ्यांपुढें असूनही शोध घेतां सांपडत नाहीं. अशा वेळीं दोन्ही रीतींनीं शोधून पाहावें.

चौथा मुक्काम : फॉन्ट

अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन दिसत असतील तर भिऊं नका. अंक बरोबर आहेत. त्यांना आकार देणारा नागरी फॉन्ट त्या संगणकावर नाहीं, इतकाच अर्थ. फॉन्ट बसविला कीं काम झालें.

जुन्या फायलींत दुसराच प्रकार आढळतो. भारतीय लिपींसाठीं इस्की हा मानक संकेत १९९१ सालीं प्रसिद्ध झाला आणि युनिकोडची पहिली आवृत्तिही त्याच सालची. तरी छापखान्यांत पुष्कळ वर्षें निराळीच युक्ति चालत असे. रोमन अक्षरांच्या अंकांवर नागरी आकार चढविलेले फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट काढून घेतला कीं खालची निरर्थक रोमन अक्षरें उघडीं पडतात. त्या लेखास त्याच नांवाचा फॉन्ट द्यावा, किंवा त्या फॉन्टसाठीं तयार केलेल्या परिवर्तकानें तो युनिकोडमध्यें आणावा. असा मजकूर गेलेला नसतो. त्याची किल्ली तेवढी हरवलेली असते.

लक्षणांवरून निदान

हें सर्व थोडक्यांत असें लक्षांत ठेवा. कांहींच उमटत नाहीं : कळ पहा. भलतें अक्षर उमटतें : रचना पहा. ठिपक्यांचें वर्तुळ दिसतें : क्रम पहा. चौकोन दिसतात किंवा रोमन अक्षरांचें कडबोळें दिसतें : फॉन्ट पहा. एका अक्षराचीं तीन चिन्हें होतात : उघडण्याचा संकेत पहा. पुन्हां उघडलेल्या फाइलींत केवळ प्रश्नचिन्हें दिसतात : मूळ कागद शोधा, कारण दुसरा उपाय बहुधा उरलेला नसतो.

यावरून जे नियम निघतात ते पाळावयास कांहीं खर्च लागत नाहीं. मोठें काम आरंभण्यापूर्वीं तीन ओळी लिहाव्या, जतन कराव्या, फाइल बंद करून पुन्हां उघडावी, आणि अक्षरें जागेवर असतील तरच पुढें जावें. पडद्यावरील सूचना, ती इंग्रजींत असली तरी, शब्दकोश घेऊन वाचावी. अर्थ न कळतां "हो" म्हणूं नये. बिघडलेल्या फाइलीची आधीं एक प्रत काढावी आणि खटपट त्या प्रतीवरच करावी. आणि छापील पान हातीं येईपर्यंत हस्तलिखित कागद जपून ठेवावा.

आपल्या घरोघरीं अजून अशा आजी आहेत कीं, ज्यांच्या ओव्या, म्हणी आणि शेतीबाडीचे शब्द कोठेंही लिहिलेले नाहींत. तीं कामें तुम्ही हातीं घ्यावीं अशी माझी इच्छा आहे. त्या मुलीनें पुन्हां बसून, मिळाल्या तेवढ्या ओव्या नव्यानें लिहून काढल्या. या वेळीं जतन करण्याआधीं पडद्यावरची सूचना तिनें मला मोठ्यानें वाचून दाखविली, आणि तिचे कागद अद्यापि शाळेच्या कपाटांत आहेत.